खिडकीची जागा

दातांच्या डॉक्टरांकडे आमचे नंबर लागायचे होते. समोरच्या बाकावर गालाला रुमाल लावलेले एक काका, काकू आणि त्यांची शेजारीण बसली होती.

“काय सांगू तुला, त्या उत्तरेकडच्या डोंगरांची मजा! इकडे बर्फ, तिकडे दरी आणि समोर हा एवढा धबधबा!”

“अय्या! फोटो दाखवा ना, काका.”

“फोटो कुठले? बस घाटाला लागली तसे यांनी डोळेच मिटले. माझा हात असा आवळला, की बांगडी वाकली.”

“अगं, मला गरगरतं. पण हिनं सगळं सांगितलं हो. आता धबधबा आला, आता बायका उन्हात बसून लोकर कातताहेत, आता कड्यावर कोरीव लाकडाचं देऊळ…”

“पुरे हो आता.”

“पुरे काय? ड्रायव्हर म्हणाला, या रस्त्याला देऊळच नाही. असा झापला त्याला! म्हटलं, माझी बायको काय खोटं बोलते?”

“काकू, हसताय काय?”

“माझे तरी कुठे उघडे होते गं डोळे!”

“काय? मग तो धबधबा?”

“तुम्ही लटलट कापत होतात. काहीतरी बोलायला नको?”

“दाढ काढायचे पेशंट कोण? आत या.”

“अगं, बसलीस काय? तूही चल. आणि डॉक्टरांकडे बघू नकोस, मला त्या देवळाचं पुढचं सांग.”