जावयास घरात कोंडल्याच्या तक्रारीबाबत

मी, नळ दुरुस्त करणाऱ्याची विधवा, वय सत्तरच्या पुढे (नक्की आकडा आईला ठाऊक होता), धंदा घरकाम, राहणार अणुवीज केंद्राच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीमागे, मुलगी-जावयाकडे. ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

काल सकाळी केंद्राचा भोंगा वाजला. मागोमाग गाडीवरचा कर्णा ओरडत गेला: घरात थांबा, दारं-खिडक्या लावा, पंखे-एसी बंद करा, मुलं शाळेतच सुरक्षित आहेत, त्यांना आणायला जाऊ नका. मुलगी कामावर होती, तिथेच थांबली. मी खिडक्या लावल्या, रेडिओ लावला.

एवढ्यात जावई त्यांच्या चष्म्याच्या दुकानातून धावत आले. गाडीची किल्ली घेऊन नातीला आणायला निघाले. ती दुसरीत आहे. मी दाराला आतून कुलूप घातलं आणि फटीत ओला टॉवेल कोंबला.

"आई, दार उघडा! पोर एकटी आहे तिथे."

"एकटी कशानं? अख्खी शाळा आहे. बंद वर्गातून काढून तिला या हवेतून आणणार का?"

"तुम्हाला काळीज आहे की नाही?"

"आहे. ते म्हणतंय, आधी अंघोळ करा."

बाहेरून आले होते, म्हणून त्यांचे कपडे पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. बाकीचे गच्चीवर वाळत होते, त्यांना हात लावायचा नव्हता. मुलीचा फुलाफुलांचा गाऊन दिला. तो खांद्यात उसवला.

न्हाणीघरातून जावयांनी आपल्या ठाण्याला फोन करून तक्रार दिली. आपले हवालदारही खिडक्या लावूनच बसले होते. म्हणाले, "सासूबाई बरोबर आहेत, गप्प बसा." हे जावयांनीच मला तोंड पाडून सांगितलं.

मग आम्ही पत्ते खेळलो. जावई सारखे हरले. लक्ष माझंही नव्हतं, पण हरण्याइतकं नाही. कुलपाची किल्ली माझ्या मुठीत होती. तिचे दात अजून तळहातावर आहेत, त्याची नोंद नको.

संध्याकाळी धोका टळल्याचा कर्णा आला. मी कुलूप काढलं. शाळेची बस गल्लीत शिरताच जावई गाऊनवरच धावले आणि पोरीला उचललं. ती म्हणाली, "बाबा, आम्ही दिवसभर गाणी म्हटली! तू आईचा गाऊन का घातलास?" सगळी गल्ली हसली. मला चष्मा पुसावा लागला. जावयांच्याच दुकानातला आहे, काचा कधी धड नसतात.

तक्रार मागे घ्यायला ते बाहेर बाकावर बसलेत. घेवोत, न घेवोत. पुन्हा भोंगा झाला तर पुन्हा कुलूप घालीन, हेही लिहा. गाऊन मात्र त्यांनीच शिवून द्यायचा.

हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. शिव्या गाळल्यात, बाकी मी बोलले तसंच आहे. सही माझी मी केली, अंगठा नाही.