थंडीत गवत धरत नाही

(लॉनच्या नर्सरीत, अर्धवट कापलेल्या गवताच्या पट्टीशेजारी सासू आणि सून. फाटकाशी रिकामा टेम्पो. मुळांसकट गवत सोलून काढणारं कापणीयंत्र बंद होऊन बराच वेळ झाला आहे.)

सून : काहीतरी बोला ना, आई.

सासू : ऐकते आहे.

सून : मी बोलतच नाहीये.

सासू : तेच ऐकते आहे.

सून : विचारल्याशिवाय यंत्र सुरू केलं, हे चुकलं माझं.

सासू : मी खत आणायला जाते काय, आणि तू पट्टी कापायला घेतेस काय. या थंडीत.

सून : कुणासाठी ते सांगितलं ना.

सासू : सांगितलंस. चष्म्याच्या दुकानवाल्याच्या नव्या घरासाठी. महिनाअखेरीस तुम्ही दोघं लग्नाच्या सह्या करणार आणि तू तिथं राहायला जाणार. एका दमात इतकं सांगितलंस, की मध्ये 'बरं' म्हणायलाही जागा ठेवली नाहीस.

सून : आता म्हणा.

सासू : डोळे तपासायला तू माझ्यासोबत यायचीस. मला वाटायचं, केवढी काळजी सुनेला माझ्या डोळ्यांची. दर दोन महिन्यांनी.

सून : आई…

सासू : आणि नंबर तोच.

टेम्पोवाला : मावशी, भरायचं का? ऊन आहे तोवर निघालो असतो.

सासू : थांब जरा. बस तिकडं सावलीत.

टेम्पोवाला : सावलीत गारठायला होतं हो. उन्हातच बसतो.

सासू : ऐकलंस? माणसालाही कळतं ते.

सून : थंडीत हे गवत मरत नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला. झोपतं. वरून पिवळं पडतं, आत जीव असतो. सुकू दिलं नाही की झालं.

सासू : जगेल. पण धरणार नाही. माती गार असली की मूळ खाली उतरत नाही. चटई टाकल्यासारखं नुसतं पडून राहील. रात्रीचा गारठा सरू दे, जमीन हाताला कोमट लागू दे, मग लाव. असं धरेल की ओढून निघायचं नाही.

सून : आणि तोवर मी बोडक्या अंगणाकडे बघत राहू?

सासू : माती काय बघायला वाईट असते?

सून : हे तुम्ही गवताबद्दल बोलताय, की माझ्याबद्दल?

सासू : गवताबद्दल. तुझ्याबद्दल बोलायचं असतं तर आवाज चढला असता.

सून : मग चढवा. हे गेल्यापासून आपल्या घरात कुणाचा आवाज चढलेलाच नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलावं तसं बोलतो आपण दोघी. हळू, आणि हवापाण्याबद्दल. कधीकधी वाटतं, तुम्ही एकदा माझ्यावर ओरडलात तर मी सुटेन.

सासू : सुटायचंय तुला?

सून : नाही. तीच तर अडचण आहे. सुटायचं असतं तर इथलं गवत कशाला मागितलं असतं? शहरात नर्सऱ्या काय कमी आहेत? तिथं पहिल्या सकाळी दार उघडलं की पायाखाली हेच हवं होतं मला. मला भीती वाटते, आई. एकदा मी गेले की तुम्ही माझं नाव काढणार नाही. रागानं नव्हे. न बोलणं तुम्हाला फार नीट जमतं, म्हणून.

सासू : बस इथं. उभ्यानं बोलू नकोस. तू नवीन आलीस तेव्हा पंपाच्या खोलीमागं एक तुकडा लावला होता मी. आठवतो?

सून : तो धरलाच नाही. सगळीकडे हिरवं झालं, तेवढाच भुरा राहिला. माती वाईट आहे म्हणाला होतात.

सासू : माती चांगली होती. तू रोज सकाळी कोपरा उचलून बघायचीस, मुळं फुटली का म्हणून. केसांसारखी बारीक मुळं येत होती, आणि तू ती तोडत होतीस. खिडकीतून दिसायचं मला.

सून : मग बोलला का नाहीत?

सासू : तूही नवीनच होतीस. वाटलं, इतक्यात तुझाही कोपरा कुणी उचलून बघू नये.

सून : इतकी वर्षं मी त्या मातीला नावं ठेवली.

सासू : तिला काय त्याचं. पण तिथंही तू तेच करशील. अख्खी थंडी पिवळ्या गवतासमोर बसून राहशील, आणि एक दिवस मनात म्हणशील, आईनं मनापासून दिलं नाही. भलत्या वेळी लावलेल्या गवताचा दोष शेवटी माणसांवर येतो. म्हणून नाही म्हणते आहे. बाकी तो चष्मेवाला बरा आहे. बोलतो जरा जास्त.

सून : तुमच्यापुढं घाबरून बोलतात ते.

सासू : असं होय? मग घाबरू दे अजून थोडे दिवस.

टेम्पोवाला : मावशी, निदान कापलेलं तरी नेऊ का? रिकामा गेलो तर साहेब विचारतील, गवत कुठंय.

सासू : सांग, झोपलंय.

टेम्पोवाला : असंच सांगू?

सासू : अगदी असंच. चष्मा लावून बघायला येऊ नका म्हणावं, उठलं की आम्हीच कळवू.

टेम्पोवाला : बरंय. ताई, तुम्हीच एक फोन करा त्यांना. माझ्यावर विश्वास ठेवायचे नाहीत.

सून : करते. या तुम्ही. आई, हे कापलेलं कुठं ठेवू?

सासू : काढलंस तिथंच परत बसव. हातानं दाबून. पाणी बेतानं घाल, नाहीतर कुजेल.

सून : गवतासाठी मी थांबते. सह्या मात्र थांबणार नाहीत.

सासू : त्या थांबव म्हटलं का मी?

सून : तसं म्हणाला नाहीत. पण तुम्हाला ओळखते मी. ऊन तापलं की गवताच्या गुंडाळ्या टेम्पोत घालून द्याल, सोबत अंथरायला एखादा माणूस पाठवाल, आणि इथं तुम्ही आपल्या कामाला लागाल. तसं नको. तुम्ही या. इथं लावता तशी गुडघे टेकून, फटी बुजवत, तुम्हीच लावा. आणि काम झालं की लगेच परत फिरू नका. आत या, बसा. तुमच्या मुलाच्या जागी दुसऱ्याला वावरताना बघणं जड जाईल, कळतं मला. तरी विचारते. याल ना?

(सासू उठून पंपाच्या खोलीमागच्या त्या तुकड्याकडे चालू लागते.)

सून : आई? तिकडं कुठं निघालात? मी काही विचारलं तुम्हाला.

(सासू चालत राहते.)

सून : सावकाश जा. त्या बाजूला ओलं आहे.