दुखनं फोटूत दिसलं पायजे

...नाई, मले सांगा, दुखनं काय पेटीत ठेवलेलं लुगडं हाय का, कोनी 'दाखव' म्हटलं का काढून दाखवाचं? सा महिने झाले मले, सा! सकाळी उठते तं मूठ वळत नाई, नळ फिरत नाई, पोलक्याचं बटन लागत नाई, दहा वाजेपर्यंत बोटं अशी लाकडं झालेली... अन् आमच्या मोठ्या जाऊबाई, तुळसाबाई, काय करतात? माहा हात हातात घेतात, उलटा करतात, सुलटा करतात, बाजारात वांगं पाहतात ना, तसा, अन् म्हनतात, "दिसते का कुठी? नाई ना!"

बरं, घरात म्हना, चार भिंतीत म्हना, मी आयकून घेईन. पन मामेसासऱ्याच्या तेरवीले! आमच्या घरची रीत तुमाले मालूम हाय, कार्य कोनतंबी असो, लंबी रोटी घरच्या सुनाच करतात, बाहेरची बाई बोलावली तं नाक कटते म्हने. आता ते काय साधं काम हाय का? पातळ कनिक अर्धा घंटा आपटाची, दोन्ही हातावर घेऊन कोपरापर्यंत लांबवाची अन् तापलेल्या उलट्या मडक्यावर टाकाची. माह्या बोटात अशी कळ निंघाली का रोटी गेली चुलीतल्या आरात! अन् जाऊबाई चाळीस बायांसमोर, "हिले कामाचा कटाळा हाय! हात दुखते म्हने. सुजला का? मोडला का? दिसते का कुठी?"

त्याच दिवशी मनात गाठ मारली. म्हटलं, थांब तुळसे... मनात म्हटलं हं, तोंडानं तं मी 'अहो जाऊबाई'च म्हनते... थांब, तुले दाखवते म्हनजे दाखवतेच!

गेली मंग दवाखान्यात, बालाघाटलेच. एक्सरे काढला. डाक्टरनं उजेडात धरला अन् म्हने, "एक्सरे में कुछ नहीं है." झालं! जाऊबाई सोबत व्हत्या, इतकं आयकलं अन् उठून चालल्याबी! डाक्टर पुढं बोलूनच राह्यला, का शुरू शुरू में एक्सरे में नहीं आता, जोड़ में सूजन है, गोंदिया जाके हाथ की सोनोग्राफी कराओ... ते कोन आयकते? मी घरी पोचाच्या आधी सारा मोहल्ला मालूम करून बसला का मंजूचा फोटू कोरा निंघाला. कोरा! जशी काई मी परीक्षेत नापास झाली!

अन् सोनोग्राफी हा शब्द कुठूनसा फुटला न बापा... सेहेचाळीसाव्या वर्षी! शेजारची आनंदी कैऱ्या घेऊन आली. "खा व मंजू, लाजू नको." अवं, हाताची सोनोग्राफी हाय! "हौ हौ," म्हने, अन् डोया मारला! आमचे हे, राजेंद्र, आठ दिवस पानठेल्यावर गेले नाई. अन् जाऊबाई? "हाताची सोनोग्राफी कोनी करते का? आता पोटातलं दिसते म्हनाव, हातातलं दिसते का कुठी?"

आता म्हटलं हिले घेऊनच जावं लागते. पन येईन कशी? जाऊबाईच्या पोरीचं, खुशीचं लगन जमलं व्हतं. म्हटलं, जाऊबाई, गोंदियाले साड्या सस्त्या भेटतात, चला. पायात चप्पल घालाची राह्यली, इतक्या घाईनं आल्या! गाडीत मी भाषन घोकून राह्यली. 'जाऊबाई, आता चाळीसच्या चाळीस बायांसमोर माफी मांगा.' तेरवीले कोन कोन व्हतं त्याची यादीबी बनवली व्हती, नावानिशी!

साड्याच्या आधी नेलं सोनोग्राफीले. तिथी काउंटरवरची पोरगी मले पुसते, "आखिरी माहवारी कब आई थी?" मी म्हटलं, बाई, पाळी कायले पुसते, हाथ का है! ते म्हने, फारम में भरना पड़ता है. जाऊबाई हासून हासून खुर्चीतून घसरल्या. हासा, म्हटलं. हासून घ्या.

आत संघमित्रा मॅडम. लहानशी, गोड बाई. बोटाच्या जोडावर थंडगार जेली लावली, मशीनचा दांडा फिरवला अन् पडद्यावर बोट दाखवते, "ही पांढरी रेघ म्हणजे तुमचं हाड. रेघ सलग पाहिजे. इथे बघा, तुटली. सांध्याच्या सुजेनं हाड खाल्लंय, खड्डा पडलाय. अन् हा दुसरा."

खरं सांगू? बाईले आपल्या हाडाले खड्डा पडल्यावर रडू याले पायजे. मले असा आनंद झाला! म्हटलं, मॅडम, जरा जोरानं सांगा. त्याहीनं सांगितलं. म्हटलं, या जाऊबाईकडं पाहून सांगा. त्याहीनं पाहून सांगितलं. अन् म्हने, पडलेले खड्डे भरत नाहीत, पण आता गोळ्या सुरू केल्या तर पुढे पडणार नाहीत. म्हटलं, ते मंग पाहू, आधी एकदा अजून सांगा!

पन तुळसाबाई हारन ते कायची? म्हने, "मशीनच तशी असन. साऱ्याइचंच असं दिसत असन." मॅडमनं म्हटलं, "या, तुमचा हात द्या." मले तं वाटलं आज देव पावला! आता यायचा सलग हात दिसन, मंग बोलाले जागाच नाई! मीच उठून त्यायच्या बांगड्या मांगं सरकवल्या...

मॅडमनं जेली लावली. दांडा फिरवूनच राह्यल्या. एक जोड, दुसरा जोड, मनगट. हळूच पुसलं, "किती वर्षांपासून दुखतं?"

जाऊबाई भिताडाकडं पाहून म्हनतात, "बावीस."

"कोणाला सांगितलं नाही?"

"काय सांगाव? दिसते का कुठी?"

आता तुमीच सांगा, मी भाषन कोनाले देऊ? घोकलेलं सारं तोंडातच राह्यलं! बावीस वर्षं ते बाई कनिक आपटून राह्यली, अन् मी समजत व्हती का हिचे हात लोखंडाचे हायत. मले कीव आली. खरंच आली, डोये भरले. वाटेतलं हट्टा रोड टेशन येईपर्यंत पुरली.

कारन टेशनावरूनच जाऊबाईनं घरी फोन लावला! घरी पोचतो तं जाऊबाईचे मालक, जेठजी तेजराम, रडून राह्यले, "बिचारी, बावीस वर्षं सहन केलं, तोंडातून शब्द नाई काढला! अन् एक हे मंजू, सा महिन्यात घर डोक्यावर घेतलं!" म्हनजे? म्हनजे मी बोलली ते गुन्हा? सासऱ्यानं, सुखरामजीनं, स्वताच्या हातानं मोठीले हळदीचं दूध देलं. माफी? माफीचं नाव कोनी काढन तं शपथ! यादी माह्या पर्समधी सडून राह्यली.

अन् आज खुशीची हळद. दीडशे मानूस. मी साफ सांगितलं, मॅडमनं दोघीलेबी मना केलं, रोट्यावाली बाई बोलवा. तं सासऱ्यानं दोघीचे फोटू मांगतले, चष्मा लावला, ट्यूबलाइटखाली धरले, बोट ठेवून ठेवून खड्डे मोजले. मोठीचे सात. मंजूचे दोन. "मंजूचा हात बरा हाय," म्हने, "मंजू करन."

मीच नेलं, मीच काढवले, मीच पिशवीत सांभाळून आनले ते फोटू! आता हे पाहा, कनिक भिजवून राह्यली, अन् जाऊबाई तिथी खुर्चीवर, गरम पान्यात हात बुडवून सांगून राह्यल्या मले, "मंजू, जरा पातळ ठेव व."

काय करता? मोठ्या जावेले साडी भारी, खोली मोठी, मान मोठा... लहानीच्या वाट्याले सारं कमीच येते बाई. हाडाले खड्डे पडले, तेबी कमीच भेटले.