काचेवरचं पिवळं नाव

— नाही गं, तो बिल्ला नाही मिळायचा. तो विकायला नाहीये, नुसता टांगलाय भिंतीवर. बाकी काय पाहिजे ते बोल. फोर्डचं बोल, शेव्हीचं बोल, या चोवीस एकर भंगारात, गवतात पडलंय सगळं, जा आणि उपटून आण. पण हडसनचं — हडसनचं माझ्याकडे काही नाही. कंपनी बंद पडून जमाना झाला, तिचे सुटे भाग कुणाकडे राहिलेत आता? आण बघू ती यादी. अक्षर डेलमारचंच ना? अजून शिसपेन्सिलनंच लिहितो तुझा बाप. सव्वीस वर्षं त्याच्या चिठ्ठ्या वाचल्यात मी, मला नको ओळख करून देऊस. हॉर्नची रिंग, घड्याळ, मागच्या सीटची राखदाणी, तिकोनी बिल्ला... आणि हा माणूस स्वतः का नाही आत आला? फाटकाशी पिकअपमध्ये बसलाय, दिसतोय मला इथनं. अकरा वर्षं झाली मार्ला, तुझ्या बापानं या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. उन्हाळ्यात टोमॅटोची पेटी कुंपणाबाहेर ठेवतो नि हॉर्नसुद्धा न वाजवता तुला म्हणतो, चल. मी पाच-सहा वेळा जाऊन त्याला सांगून आलो, सोड रे, झालं गेलं, ऑरिननं तुला कधीच माफ केलंय. असं म्हणालो मी. मी!

काय बघतेस एवढं त्या बिल्ल्यात? — हो, खालच्या कोपऱ्यात डाख दिलाय. असेल. सत्तर वर्षांच्या वस्तूला डाख असायचाच. — काय? डेलमारनं सांगितलंय? ऑरिनच्या वडलांनी कोपरा तुटल्यावर स्वतः दिलेला डाख, वाटाण्याएवढा... हं. त्याला आठवतंय म्हणजे. त्याला सगळंच आठवतं. बस जरा. त्या सीटवर बस, ब्यूकची आहे, डावीकडची स्प्रिंग टोचते, इकडे सरक. कॉफी घेतेस? सकाळची आहे, डांबर झालंय तिचं. नको? बरं.

तो बिल्ला गाडीवरनं आधीच गळून पडला होता. — नाही, तसं नाही. पडला नव्हता. चार स्क्रू होते, मी काढले. आता अशी नको बघूस माझ्याकडे, तुला चड्डीत असल्यापासून ओळखतो मी. ऐक. ऑरिन नि मी एका बाकावरचे. बायको गेली तशी तो ॲरिझोनाला भावाकडे राहायला गेला. बापाची हिरवी हडसन, बावन्न सालची, ती इथं माझ्याकडे लावली. म्हणाला, लाईल, मी हिला घ्यायला येईन. मी त्याच्या देखत पुढच्या काचेवर पिवळ्या रंगानं त्याचं नाव लिहिलं. आता आमच्या धंद्यात त्याचा अर्थ काय? माझ्या बापानं मला पाना हातात देण्याआधी शिकवलेली गोष्ट आहे ही — काचेवर नाव असलेली गाडी म्हणजे दुसऱ्याची अमानत. तिचा दिवा नाही काढायचा, झाकण नाही काढायचं, आभाळ कोसळलं तरी नाही. आणि वर्षातनं एकदा, मे महिन्यात, गाड्या चेपायचं मशीन ट्रेलरवरनं येतं, तेव्हा क्रेनवाला फक्त काच बघतो. नाव असेल तर सोडायची, नसेल तर उचलायची. विचारत बसत नाही कुणाला. डेलमारनं सव्वीस वर्षांत एकही चुकीची गाडी उचलली नाही. एकही नाही! बापाचा अभिमान धर तू.

मग? मग काय, कुंपणानंच शेत खाल्लं. एक मास्तर आला आयोवाहून. म्हातारा, शर्टाच्या खिशात पेन. आपल्या बापाची हडसन पुन्हा उभी करत होता आणि एक कार्बोरेटर मिळेना. देशभर हिंडून आला होता. मी म्हटलं नाहीये. तर त्याला गवतातनं ऑरिनची गाडी दिसली. नुसता तिच्याकडे बघत उभा राहिला गं. मी म्हटलं, एक कार्बोरेटर, ऑरिनला काय कळतंय, तो यायच्या आत दुसरा मिळवून बसवू. दिला काढून. त्या मास्तरानं माझे दोन्ही हात धरले. तू विचारशील पैशासाठी केलंस का. नाही. पैसा किरकोळच होता. मला चटक लागली ती त्या हात धरण्याची. आयुष्यभर लोक मला भंगारवाला म्हणाले, चर्चमध्येसुद्धा माझ्या बाकावर ग्रीस लागेल म्हणून बायका सरकून बसायच्या — आणि आता मिनेसोटाहून लोक फोन करतात, लाईल असेल तर मिळेल म्हणतात! पुढच्या वर्षी दाराच्या मुठी गेल्या. मग चाकाच्या टोप्या. मग स्टेअरिंग. आतनं पोखरली मी ती, आणि बाहेरनं काचेवर ऑरिनचं नाव ऊन-पावसात फिकं व्हायचं तर दर वसंतात मीच पुन्हा गिरवायचो. पिवळंधमक. त्याची आता सगळ्यात जास्त लाज वाटते मला. गाडी खात होतो आणि नाव गिरवत होतो.

मग ऑरिनचं पत्र आलं. भाऊ वारला, मी परत येतोय, महिनाअखेरीस. बसनं येतो, आणि हडसन चालू करून तिच्यातनंच घरी जाईन, बॅटरी तेवढी नवी घालून ठेव. बॅटरी! इंजिनाचा अर्धा भाग आयोवात, दारांच्या काचा डकोटात. मी ते पत्र घेऊन गाडीपाशी गेलो तर आत सीटसुद्धा धड नव्हती, उंदरांनी घरटं केलेलं. आणि गुरुवारी मशीन यायचं होतं.

बोलतोय ना, थांब की. घोटभर कॉफी घेऊ दे.

गुरुवारी सकाळी, डेलमार यायच्या आधी, रॉकेलचं फडकं घेऊन गेलो आणि नाव पुसलं. दोन मिनिटं लागली. मग इथं येऊन बसलो, याच खुर्चीत, खिडकीकडे पाठ करून. कुठली गाडी कुठल्या आवाजानं चेपते ते मला कळतं, पोरी. नव्या गाड्या कागदासारख्या चुरगळतात. ही नाही. ही विव्हळली. मी कॉफी ढवळत राहिलो, साखर न घालता. दुपारी बाहेर गेलो आणि म्हटलं — काय नाटक केलं मी! — डेलमार, अरे, ऑरिनची हडसन कुठाय? तो क्रेनवरनं उतरला. म्हणाला, काचेवर नाव नव्हतं, लाईल. शांतपणे म्हणाला. त्याला खात्री होती. तेव्हा जरी मी गप्प बसलो असतो तरी... पण नाही. चोराच्या उलट्या बोंबा. मी म्हटलं, होतं. मागच्या महिन्यात मी स्वतः गिरवलंय. सगळ्यांदेखत म्हटलं, मशीनवाली दोन माणसं उभी होती. म्हटलं, डोळे तपासून घे, डेलमार.

आणि तो गेला गं तपासायला! डॉक्टर म्हणाला, वयाप्रमाणे थोडा मोतीबिंदू धरतोय, काळजीचं नाही. एवढंच म्हणाला. पण तुझ्या बापाला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी क्रेनची किल्ली या टेबलावर ठेवली. म्हणाला, आज गाडी चेपली, उद्या माणूस चेपेन. त्यानंतर पिकअपसुद्धा चालवली नाही त्यानं, हो ना? तूच नेतेस ना सगळीकडे? दुकानात, दवाखान्यात, दर रविवारी चर्चमध्ये? अकरा वर्षं? — मार्ला, त्याचे डोळे चांगले होते. माझ्यापेक्षा चांगले होते. त्यानं बरोबर वाचलं होतं. काचेवर काही नव्हतंच.

रडू नकोस. किंवा रड. शिव्या दे, मला शिव्या दे, इथं कुणी नाही ऐकायला. मला वाटलं होतं, महिनाभर बोलतील नि विसरतील, लोखंडच तर आहे. ऑरिन आला, म्हणाला, जाऊ दे डेलमार, चूक कुणाच्या हातनं होत नाही. मग जिथं गाडी उभी असायची तिथं टायरवर बसला, पिवळं पडलेलं गवत बघत. तिथं कबूल करायला हवं होतं. मी त्याला घरी सोडायला गेलो, वाटेत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आणि तुझ्या बापानं काय केलं? कुठनंतरी मोडकी हडसन मिळवली आणि गोठ्यात अकरा वर्षं एकेक तुकडा जोडतोय. मला माहीतेय. गावात सगळ्यांना माहीतेय. येत्या ऑगस्टच्या जत्रेत ऑरिनला तिच्यात बसवायचं म्हणतो. ऑरिन आता ब्याऐंशीचा, ऑगस्टपर्यंत धरला तर धरला. आणि अडलंय कशावर? जे मी काढून ठेवलं त्यावर.

आहे गं माझ्याकडे. खोटं बोललो मघाशी, त्यात काय नवीन. या मागच्या खोक्यात आहे — घड्याळ, रिंग, राखदाणी, एक मूठ. हे कुणाला देववलं नाही. तोंड दिसायचं ऑरिनच्या बापाचं. आणि थांब, हा बिल्लाही काढतो भिंतीवरनं. हे घे. सगळं घे. पाकीट काय काढतेस, ठेव आत, लाजवू नकोस आणखी. बघ, असं करू — मीच येतो फाटकापर्यंत. मीच सांगतो त्याला. आता इतकं बोललोय तर तेवढंही बोलेन, काय करेल, मारेल? मारू दे. बरं होईल. खोकं मी उचलतो, चल. दार उघड.

...उतरला तो. उतरतोय बघ पिकअपमधनं. मी दिसलो त्याला. — टोपी काढली. मार्ला, मला बघून टोपी काढली त्यानं. मान खाली घालून उभा आहे, माझ्यापुढं, तो.

नाही. नाही जमायचं मला. घे, धर हे खोकं, दोन्ही हातांनी धर. सांग, गोदामात सापडलं म्हणावं. आणि डोळ्यांचं ते... ते तू सांग. तुझा बाप आहे, तू सांग. नाहीतर नको सांगूस. मला नको विचारूस काय करू म्हणून, मला विचारण्यासारखा माणूस आहे का मी? जा. अगं, जा ना! यार्ड बंद झालंय आज. आणि दार ओढून घे जाताना, आधी दार ओढ, त्याला मी दिसतोय.