पोटावरची रेघ

शिवलीला : हलू नका, आप्पा. रविवारी शिरोळला तुमच्याकडं आले होते तेव्हा टाक्यांखालच्या निळ्या डागाभोवती मी पेनानं रेघ मारली होती. डाग रेघेच्या दोन बोटं बाहेर आलाय. आणि हे कडेला काय चिकटलंय?

भरमाप्पा : काय न्हाय.

रत्नव्वा : गूळ-चुना हाय. ऊन ऊन करून थापलाय. मी बोंबलत हुते, ऐकत्यात कुठं?

भरमाप्पा : मुका मार बसला की आमी तेच लावतोय की! गुऱ्हाळावर समद्यांची सूज त्यानंच उतरती.

शिवलीला : त्या समद्यांच्या काळजात धातूची झडप नाही! रक्त पातळ ठेवायची गोळी घेत नाहीत ते! तुमचं रक्त लवकर गोठत नाही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर आत जरासा धक्का बसला तरी ते झिरपत राहतं, टाक्यांखाली साठतं. मग टाके ताणतात, जखमेच्या कडा जुळत नाहीत. त्यावर तुम्ही शेक दिलात!

भरमाप्पा : मग ती गोळीच सोडतो. मिटलं.

शिवलीला : मनानं सोडलीत तर झडपेवर गाठ धरेल. ती मेंदूत गेली की पडाल एक अंग लुळं होऊन. ऑपरेशनसाठी थांबवलेली गोळी परत सुरू केल्यावर रक्त तपासायला बोलावलं होतं. गेलात?

भरमाप्पा : हंगाम चालू हाय, लीला.

शिवलीला : मार कशाचा बसला?

रत्नव्वा : सांगा की! उकळत्या रसाची काहील उतरताना दांडा पोटात बसला म्हणून.

शिवलीला : टाके असताना काहिलीला हात लावलात? अमरेश कुठं होता?

भरमाप्पा : हुता थितंच. पाक कवा उतरायचा ते त्येला कळत न्हाय.

रत्नव्वा : कळू दिलासा व्हय कधी लेकाला? मिसरूड फुटल्यापासनं चुलवाणात चिपाडं सारतोय. त्येचं पोरगं शाळंत जायला लागलं, तरी ह्येंचं आपलं ‘फुडच्या हंगामाला बघू’!

भरमाप्पा : तू गप! गुळाचं एक आदण नासलं तर नाव कुणाचं जातंय? मी निघालो. दुपारच्या काहिलीला मला पोचायचं हाय.

शिवलीला : आत्ता दवाखान्यात जायचंय. ते साठलेलं रक्त कदाचित टाके उसवून काढावं लागेल. नासू दे ते आदण!

भरमाप्पा : वरडू नगंस. शेजारी ऐकत्यात.

शिवलीला : ऐकू दे सगळ्या शाहूपुरीला! गुळासाठी बाप पोट फाडून घेतोय म्हणून!

रत्नव्वा : दवाखान्यात पडलासा तवा डॉक्टरला घरनं आलेली ताजी ढेप दिलासा. ‘असला गूळ दुसरा कोण काढून दाखवू दे’ म्हणालासा. आठवतंय?

भरमाप्पा : मग? खोटं हाय?

रत्नव्वा : ती कुणी काढली? तुमी तर खाटंवर हुतासा.

भरमाप्पा : ...अमऱ्यानं?

रत्नव्वा : न्हायतर काय मी? तुमचा मान ऱ्हावा म्हणून त्येनं मलाच सांगितलं, ‘अव्वा, आप्पास्नी सांगू नगंस’.

शिवलीला : मी गाडी काढते. अव्वा, त्यांच्या गोळ्यांची पाकिटं घे.

भरमाप्पा : थांब. आदी फोन लावून दे.

(शिवलीला फोन लावून त्यांच्या हातात देते.)

भरमाप्पा : अमऱ्या, मी दवाखान्यात निघालोय. आजपासनं पाक तू बघायचास... न्हाय, फुडच्या हंगामाला न्हाय, आजपासनं... मला काय इचारतोस? तुला कळंल तवा उतर.