जुनी झालेली भाषा

धुळ्याच्या स्टँडवर अमळनेरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या कलाबाईंचे कान पुढच्या बापलेकीकडे लागले होते. लेक नोकरीच्या मुलाखतीहून परतलेली.

“काय म्हने साहेब?”

“फॉक्सप्रो जुनी झाली म्हणाले. आता नवी भाषा लागते.”

“भाषा जुनी होस का? मी तर मन्ही आजीनीच भाषा बोलस.”

“ही कॉम्प्युटरची भाषा आहे, नाना.”

“तू दोन वरीस तीच शिकनी ना?”

“तीच.”

“मंग नवी शिक.”

“शिकेपर्यंत तीही जुनी होईल.”

कलाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. नाना लेकीकडे वळले.

“पारोळाना पाहुणा तुले बघाले येनार व्हतात. नोकरी लागस तोवर थांबा म्हनेल शे त्यासले.”

“रविवारी या म्हणावं.”