चार रविवार

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आमचे आदरणीय फादर. मानपत्र वाचून दाखवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टर. धर्मग्राम परिषदेचे सर्व सभासद. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, चिटणीससाहेब. त्यांच्या चाकांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या वहिनी. आणि मिस्सेची उपासना संपल्यावर घरी न जाता चहासाठी थांबलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

माइक थोडा खरखरतो आहे. चालेल. ज्यांनी या हॉलची वायर ओढली ते आता दुरुस्तीला येऊ शकत नाहीत.

फादर मला म्हणाले, "बाई, आता चिटणीसांच्या टेबलावर तुम्ही बसणार. दोन शब्द बोला." मी नाही म्हणणार होते. मग वहिनींकडे चौकशी केली. त्या म्हणाल्या, "झटक्यानं वाचा गेली हो, पण ऐकू अगदी सगळं येतं. कळतंही सगळं." तेव्हा मी हो म्हटलं.

सिस्टर, मानपत्र फार सुंदर लिहिलंय. त्यात एक वाक्य आहे: 'एकतीस वर्षांच्या सेवेत ज्यांच्या हातून एकही चूक झाली नाही.' त्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात आहेत, वाजतात.

गेल्या काही वर्षांत इथे राहायला आलेल्यांना चिटणीससाहेबांचं काम कदाचित माहीत नसेल. दर गुरुवारी दुपारी ते एक कागद टाइप करायचे. कागदाला दोन रकाने. डावीकडे आजारी, उजवीकडे मृत. तीन प्रती निघायच्या. एक चर्चच्या दाराजवळच्या फळ्यावर, काचेमागे. दुसरी वाचनपीठावर, रविवारच्या प्रार्थनांच्या वेळी वाचायला. तिसरी शिवणबाईंकडे. त्या दर शुक्रवारी सकाळी गळ्यात डबी अडकवून आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे ओस्तीची पवित्र भाकर, न्यायच्या. डाव्या रकान्यात नाव असलं की शुक्रवारी तुमच्या दारी देव येणार. उजव्या रकान्यात असलं की चार रविवार तुमच्या आत्म्यासाठी प्रार्थना होणार. आणि एकदा नाव छापलं की ती काळ्या दगडावरची रेघ. आमचे जुने फादर, देव त्यांना शांती देवो, कानानं अधू होते. कागद समोर आला की सही करायचे. त्यामुळे यादी म्हणजे चिटणीससाहेब, आणि चिटणीससाहेब म्हणजे यादी.

माझे यजमान वायरमन होते. नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मीसुद्धा वायरमनबाई. चर्चच्या मनोऱ्यावरचे दोन कर्णे त्यांनीच बसवले. एक बाजाराकडे, आणि दुसरा मुद्दाम आमच्या गल्लीकडे, कारण आमच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली माणसं जास्त. त्यांना घरबसल्या मिस्सा ऐकू यावी. चिटणीससाहेबांचं घरही त्याच गल्लीच्या टोकाला. लक्षात असू द्या.

अकरा वर्षांपूर्वी वायरमन स्वतःच त्या कर्ण्याचे श्रोते झाले. छातीत पाणी. चार महिने पलंगावर. डॉक्टरांनी मीठ तोडलं, साखर तोडली, बोलणंही कमी करायला सांगितलं, ते मात्र जमलं नाही. आठवड्यात त्यांना एकच दिवस होता, शुक्रवार. गुरुवारी संध्याकाळी दाढी. शुक्रवारी सकाळी मी स्टुलावर पांढरं कापड घालायची, मेणबत्ती, ग्लासभर पाणी. आजाऱ्याला कम्युनियनआधीचा उपास माफ असतो, तरी ते चहा घ्यायचे नाहीत. "आधी पाहुणा, मग चहा," म्हणायचे. मला म्हणाले होते, "हे बघ, मला दवाखान्यात नेऊ नकोस. फक्त शेवटच्या आठवड्याचा शुक्रवार चुकवू नकोस." एवढंच मागणं होतं त्या माणसाचं.

त्या आठवड्यात पलीकडच्या आळीतले म्हातारे पोस्टमन वारले. तेही डाव्या रकान्यात होते, माझ्या यजमानांच्या खालीच. चिटणीससाहेबांनी गुरुवारी एक नाव डावीकडून उजवीकडे नेलं. एक ओळ वरचं नेलं.

शुक्रवारी शिवणबाई आल्या नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांना ताप आला असेल. रविवारी मी चर्चमध्ये होते. वाचणाऱ्यानं मृतांची नावं घेतली, आणि माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. सगळ्यांनी म्हटलं, 'त्यांच्या आत्म्याला चिरशांती लाभो.' तोंडाला सवय असते ना, मीही म्हटलं. मग धावत घरी गेले. ते पलंगावर बसून खिडकीकडे बघत होते.

"ऐकलंस?" म्हणाले. "आवाज स्वच्छ आला. एक खरखर नाही."

दुपारी चौघे जण फुलं घेऊन आले. ते आतून ओरडले, "या, बसा! अजून थोडा वेळ आहे." फुलंवाले पळाले. मग मला म्हणाले, "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. आज चहात दोन चमचे साखर घाल."

हसा, हसा. आम्हीही हसलो होतो. त्या दिवशी आम्हाला वाटत होतं, चूक आहे, सोमवारी सुधारेल.

सोमवारी मी कचेरीत गेले. चिटणीससाहेब शिक्के पुसत होते. मी म्हटलं, "साहेब, आमचे हे जिवंत आहेत."

ते म्हणाले, "अरे वा. आनंद आहे."

"मग नाव काढा ना तिथून."

"वायरमनबाई, एकदा मृतांत वाचलेलं नाव परत घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. लोक हसतील. चार रविवार होऊ द्या, आपोआप निघेल."

मी शिकलेली नव्हते, पण मिस्सा लहानपणापासून ऐकत आले होते. मेलेला परत आल्याचं निदान एक उदाहरण या चर्चमध्ये सगळ्यांना माहीत असावं अशी माझी समजूत होती. तसं बोलले नाही. एवढंच म्हटलं, "आणि शुक्रवारचं?"

"मी सांगतो शिवणबाईंना. तुम्ही जा."

दुसरा शुक्रवार. दाढी, कापड, मेणबत्ती. खिडकीतून शिवणबाई दिसल्या. शेजारच्या आजींकडे निघाल्या होत्या. मी हाक मारली, "बाई, इकडे!" त्या थांबल्या. म्हणाल्या, "तुमचं नाव नाही हो यादीत. मी मोजूनच आणते. चिटणीसांना विचारा." आणि डबीवर हात ठेवून पुढे गेल्या, जशी काही मी ती हिसकावून घेणार होते. शिवणबाई, तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात. रडू नका. ओस्तीचे दोन तुकडे करता येतात हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. चहाचे कप तुम्हालाच भरायचे आहेत, डोळे पुसा.

दुसऱ्या रविवारी पोस्टमनचं नाव गुपचूप उजव्या रकान्यात आलं. त्यांचा थोरला मुलगा परिषदेवर होता. माझ्या यजमानांचं नाव काही डावीकडे गेलं नाही. म्हणजे इकडून तिकडे जायची पद्धत होती. तिकडून इकडे यायची नव्हती.

मी जुन्या फादरांकडे गेले. कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चिटणीसांना सांग हो, ते बघतील."

तिसरा शुक्रवार तसाच. तिसऱ्या रविवारी मी खिडकी लावून घ्यायला गेले तर हे म्हणाले, "राहू दे. माझाच कर्णा आहे."

चौथ्या शुक्रवारी दाढी मी केली, त्यांचा हात उचलत नव्हता. तासभर मेणबत्ती जळली. मग म्हणाले, "विझव. उगाच जळतेय." शनिवारी सकाळी अकरा वाजता गेले. स्टुलावर कापड तसंच होतं.

फादर घड्याळ बघताहेत. फादर, मी दर रविवारी तुमचं प्रवचन शेवटपर्यंत ऐकते.

त्याच संध्याकाळी दफनाच्या वेळी चिटणीससाहेब माझ्याजवळ आले. टोपी हातात होती. हळू आवाजात म्हणाले, "बघा, शेवटी यादी काही चुकीची ठरली नाही."

दुसऱ्या दिवशी चौथा रविवार. नाव वाचलं. पाचव्या रविवारी मी कान देऊन बसले, तर नाव नाही. कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "चार रविवार झाले, वायरमनबाई. नियम सगळ्यांना सारखा." चारांतले तीन माझ्या नवऱ्यानं जिवंतपणी वापरले होते. मेल्यावर त्याच्या वाट्याला एक उरला.

आता माझी चूक सांगते. मानपत्र माझं नाही, त्यामुळे मला सोपं जातं. त्या पहिल्या शनिवारी चर्चची झाडलोट माझ्याकडे होती. बाकं पुसली, आणि दाराजवळच्या फळ्याची काच पुसली. फुंकर मारून, पदरानं घासून पुसली. त्या काचेमागे, बोटभर अंतरावर, उजव्या रकान्यात माझ्या नवऱ्याचं नाव होतं. मला वाचता येत नव्हतं. वाचता आलं असतं तर शनिवारीच ओरडले असते. रविवारी नाव वाचलं गेलं नसतं, आणि न वाचलेलं नाव मागे घ्यायला तर काही हरकत नव्हती ना? ती काच मी अजून रोज पुसते. मनात.

म्हणून शिकले. चव्वेचाळिसाव्या वर्षी, मिस्सेच्या पत्रकांवर बोट ठेवून. जी प्रार्थना तोंडपाठ होती तिच्यात अक्षरं शोधायची. मग कॉन्व्हेंटच्या कपाटातली पुस्तकं. संतांची चरित्रं संपली तेव्हा वनस्पतींची, मग पत्रसंग्रह, मग जे मिळेल ते. सिस्टर, एकही पुस्तक मी दुमडलं नाही. सहा वर्षांपूर्वी या फादरांनी मला वाचनपीठावर उभं केलं. तेव्हापासून रविवारची नावं मी वाचते. प्रत्येक नावाआधी क्षणभर थांबते. लोक म्हणतात, बाई किती भक्तिभावानं वाचतात. मी फक्त रकाना तपासत असते.

आणि दरवर्षी, हे गेले त्या शनिवारच्या तारखेला, मी कचेरीत जायची. म्हणायची, "साहेब, एकदा म्हणा, चूक झाली." ते म्हणायचे, "जुनं कशाला उकरता?" अकरा वेळा गेले. अकराही वेळा त्यांना बोलता येत होतं. अकराव्या वेळेनंतर दोन महिन्यांनी ते घरी जिन्यात पडले. मधले तीन महिने फादरांनी यादीही केली आणि साहेबांकडे कम्युनियनही नेलं. आता दोन्ही माझ्याकडे आलं आहे. शिवणबाईंचे गुडघे गेले.

येत्या गुरुवारी माझी पहिली यादी. काल सरावासाठी एक करून पाहिली. चिटणीससाहेब, तुमचं नाव मी आधी उजवीकडे लिहिलं. नाही, हात चुकला नाही. मुद्दाम लिहिलं. कसं दिसतं ते बघायचं होतं. कागद टेबलावर ठेवून मी जेवले, भांडी घासली, परत येऊन पाहिलं. चांगलं दिसत होतं. आणि मला ठाऊक होतं, वहिनी कितीही वेळा कचेरीत आल्या तरी त्यांना काय सांगायचं. उत्तर तयारच होतं, तुमचंच.

वहिनी, त्यांचा हात घट्ट धरा. घाम आलाय त्यांना.

मग तो कागद मी चुलीत घातला. दुसरा घेतला. नाव डावीकडे. शाईनं. तीनदा तपासलं. हा बघा, आणलाय. इथून दिसत नसेल, पण साहेबांना रकाना ओळखू येईल.

तेव्हा शुक्रवारी मी येणार, चिटणीससाहेब. साडेनऊला. त्यानंतरच्या शुक्रवारी. त्याच्याही पुढच्या. एकही चुकणार नाही, काळजी नसावी. वहिनी, पांढरं कापड, मेणबत्ती, ग्लासभर पाणी. मी म्हणेन, 'ख्रिस्ताचं शरीर.' तुम्हाला आमेन म्हणता येणार नाही. मी थांबेन. माझ्याकडे वेळ असतो. मग तुम्ही तोंड उघडाल, आणि जे माझ्या नवऱ्याला मिळालं नाही ते मी माझ्या हातानं तुमच्या जिभेवर ठेवीन. यात दया किती आणि दुसरं काय किती, ते मला विचारू नका. मी पापनिवेदनात फादरांना सांगत असते, त्यांनाही ठरवता आलेलं नाही.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, ज्यांनी अजून माइक काढून घेतला नाही. सिस्टरांचे आभार, त्यांच्या कपाटासाठी. तुम्हा सर्वांचे आभार, चहा गार होत असताना बसून राहिलात. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, कुणावर अन्याय झाला असेल, तर गुरुवारी दुपारी कचेरीत या आणि तोंडावर सांगा. मी चूक झाली म्हणेन, आणि लगेच दुरुस्त करीन. करून पाहिलंय मी. दोन मिनिटं लागतात.

आणि वहिनी, पुढच्या रविवारी खिडकी उघडी ठेवा. नावं मीच वाचणार आहे. तुमच्या घरापर्यंत आवाज स्वच्छ येतो.